कष्टकरी जोडप्याचा रविवार

पिंपरीत एका निवृत्त कामगाराच्या घरी आम्ही मध्यंतरी गेलो होतो. काम चळवळीचेच होते. विहारात दर रविवारी सकाळी प्रॉव्हिडंट फंड, पेन्शन, वारसनोंद अशा कागदांसाठी एक टेबल लावावे, असे आमच्या मनात होते. फॉर्म नीट भरणारा, घाई न करणारा माणूस हवा होता. काका १९८६ ते २०२१ अशी पस्तीस वर्षे एका कारखान्यात होते. युनियनच्या कमिटीवर होते, अक्षर चांगले, स्वभाव शांत. यांच्याहून योग्य माणूस कोण, असे समजून आम्ही गेलो आणि चहा यायच्या आतच रविवार सांगून टाकला.

काका म्हणाले, "वकीलसाहेब, वार बदला. रविवारी मला जमायचं नाही. आम्ही दोघं मंडईत जातो."

आम्ही हसलो. म्हणालो, "काका, तुम्हाला आता सातही वार रविवारच!"

त्यावर काकू आतून म्हणाल्या, "त्यांना असतील. मला नाहीत."

त्यांच्या या वाक्याकडे तेव्हा आम्ही लक्ष दिले नाही. रागच आला. जयभीम केला आणि निघालो. घरी येईपर्यंत डोक्यात एकच विषय होता. बाबासाहेबांनी १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत शिकलेल्या वर्गाबद्दल जी वेदना बोलून दाखवली, ती आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहे. त्या वेदनेचा आधार घेऊन आम्ही मनातल्या मनात काकांवर खटला चालवला. समाजामुळे नोकरी मिळाली, नोकरीमुळे घर झाले, मुले शिकली, आणि आता समाजाने आठवड्याचे तीन तास मागितले तर यांना भाजी आणायची आहे! निकालही आम्हीच दिला. आरोपीचे म्हणणे ऐकून न घेता निकाल देणे हा वकिलाने करू नये असा गुन्हा आहे. तो आम्ही केला. म्हणून हा लेख.

रविवारची गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली, ती जोतीरावांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. लोखंडे यांचे मूळ गाव कन्हेरसर. म्हणजे आपल्या खेड तालुक्यातले, ज्या तालुक्यात आज चाकणचे कारखाने उभे आहेत. परंतु लोखंड्यांनी मिळवलेला रविवार पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कित्येक कामगारांच्या वाट्याला आलाच नाही. विजेचा भार वाटून देण्यासाठी या पट्ट्यातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठेवली गेली. कायद्याच्या दृष्टीने त्यात वावगे काही नाही. आठवड्यात एक दिवस सुट्टी दिली की कायदा समाधानी. पण मुलांची शाळा रविवारी बंद. नातेवाइकांची लग्ने रविवारी, विहारातील वंदना रविवारी, सभा-संमेलने रविवारी. काका रविवारी मशीनवर आणि गुरुवारी घरात एकटे. त्यातही थर्ड शिफ्ट उरकून आले असतील तर गुरुवारचा अर्धा दिवस झोपेत. मुलगी दहावीपर्यंत म्हणत असे की आमच्या पप्पांचा चेहरा आम्ही झोपलेलाच पाहिला आहे. काकांनी हे आम्हाला हसत सांगितले. आम्हाला हसता आले नाही.

आणि काकू? काकू चौदा वर्षे भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. कारखान्याचे नाव आम्ही लिहीत नाही, कारण असे कारखाने एक नव्हते. माणसे तीसच्या वर, पण हजेरीपटावर एकोणीस. का? वीस झाली की प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा लागू होतो! एवढे गणित मालकाला चांगले जमत होते. काकूंचे नाव कधी पटावर असे, कधी वहीत, कधी कुठेच नसे. गुरुवारी सुट्टी त्यांनाही होती. त्या दिवशी नळाला पाणी असेपर्यंत आठवड्याचे कपडे, मग रेशन, मग दळण, आणि शिफ्टवरून आलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून भांडीसुद्धा आवाज न करता घासायची.

असे पस्तीस वर्षांचे आयुष्य. त्यानंतर आलेला हा रविवार.

दुसऱ्यांदा आम्ही गेलो ते क्षमा मागायला, आणि त्या दिवशी त्यांच्याबरोबर मंडईतही गेलो. काकांच्या हातात दोन पिशव्या होत्या. काकू पुढे. पिंपरीच्या लालबहादूर शास्त्री मंडईत त्या प्रत्येक गाळ्यावर थांबत होत्या, मेथीची जुडी उलटून पाहत होत्या, भाव विचारून पुढे जात होत्या आणि फिरून पहिल्याच गाळ्यावर येत होत्या. आम्ही घड्याळ पाहिले. काकांनी पाहिले नाही. निवृत्तीच्या वेळी कंपनीतल्या सोबत्यांनी त्यांना भिंतीवरचे घड्याळच भेट दिले आहे. ज्या माणसाने पस्तीस वर्षे पंचिंग कार्डाच्या धाकात काढली त्याला निरोपाच्या दिवशी घड्याळ द्यावे, ही आपल्या लोकांची एक खास रीत आहे. काकांनी ते आतल्या खोलीत लावले आहे. "तिथं मला दिसत नाही," म्हणाले.

महिन्यातून एकदा ते दोघे मेट्रोने पुण्याच्या मंडईत जातात. २०२२ च्या मार्चमध्ये पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो सुरू झाली, २०२४ च्या सप्टेंबरअखेर ती जमिनीखालून स्वारगेटपर्यंत पोहोचली आणि मधे मंडईचे स्टेशन झाले. १८८६ साली रे मार्केट म्हणून उभ्या राहिलेल्या आणि पुढे महात्मा फुल्यांचे नाव मिळालेल्या त्या इमारतीशी आता पिंपरीचा माणूस बस न बदलता पोहोचतो. भाजी तिथे स्वस्त मिळते असे नाही. तिकिटाचे पैसे धरले तर महागच पडते. काकूंना खिडकीजवळची जागा हवी असते. कासारवाडी, दापोडी, खडकी वरून पाहायची असते. ज्या रस्त्याने काका पस्तीस वर्षे कंपनीच्या बसमध्ये पेंगत गेले तो रस्ता एकदा जागेपणी, आणि दोघांनी मिळून पाहायचा असतो. एसटीने गावी जायचे झाले तर आणखी मौज. मार्च २०२३ पासून बायांना अर्धे तिकीट झाले. काकांना पासष्ट पूर्ण होईपर्यंत पुरे तिकीट काढावे लागते. काकू कंडक्टरसमोर मुद्दाम विचारतात, "आमच्यात म्हातारं कोण दिसतंय हो?"

वाचकहो, हे सारे किरकोळ वाटेल. वर्तमानपत्राच्या या पानावर मेथीची जुडी कशाला, असेही कोणी म्हणेल. पण आपण जरा आपल्याच घरातल्या मागच्या पिढ्या आठवू. आपल्या पणजोबांना निवृत्ती होती काय? वतनाच्या कामाला ना तास होते ना वार होता. सरकारी माणूस गावात आला की रात्र असो वा पाऊस, हाळी आली की उठायचे. थकला म्हणून कोणी मोकळा झाला नाही. बाप खाटेवर पडला की त्याच्या जागी पोरगा उभा राहायचा. वतन म्हणजे पिढ्यान् पिढ्या न संपणारी ड्युटी. ते वतन रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात १९५८ साली झाला. त्यासाठी बाबासाहेबांनी कायदेमंडळात १९२८ सालीच विधेयक आणले होते. म्हणजे काम संपले, आता बसा, असे कायद्याने सांगितले गेलेले म्हातारे आपल्या समाजात फार जुने नाहीत. एक-दोन पिढ्यांचीच ही गोष्ट आहे.

ही विश्रांती कोणी दान दिलेली नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. आपल्या भाषणांत चौदा तासांचे आठ तास झाले असे नेहमी सांगितले जाते. कायद्याच्या पुस्तकात जे आहे ते असे की, १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. त्याआधी १९४५ च्या दुरुस्तीने पगारी रजा आली. आम्हाला वाटते, खरा आकडा सांगितला तरी बाबासाहेबांचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही, आणि समोरच्याला खोट काढायला जागा राहत नाही. पुढे १९५२ साली प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा आला, १९७२ साली ग्रॅच्युइटीचा, आणि १६ नोव्हेंबर १९९५ पासून पेन्शन योजना. काकांच्या हातातील पिशवीला हा सगळा इतिहास आहे. तो माणूस रविवारी मंडईत रमतगमत फिरतो तेव्हा तो चळवळीपासून दूर गेलेला नसतो. चळवळीने जे मागितले तेच तो उपभोगत असतो. हे आमच्या ध्यानात पन्नाशीजवळ आल्यावर आले, याची लाज वाटते.

आता काकूंच्या त्या वाक्याकडे येऊ. मंडईतून घरी आल्यावर आम्ही पाहिले की पिशव्या काकूंनी घेतल्या नाहीत. काका सरळ ओट्यापाशी गेले. रविवारचा स्वयंपाक काका करतात. मेथी निवडणे, कुकर लावणे, भाकऱ्या थापणे, नंतर ओटा पुसणे, सगळे. भाकरी अजून काठाला फाटते. काकू दारात खुर्ची टाकून बसल्या आणि शेजारणीशी बोलत राहिल्या. एकदाही आत डोकावल्या नाहीत. ही व्यवस्था कशी झाली ते त्यांनीच सांगितले. काका निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने घरात नुसता वैताग होता. दिवसात पाच वेळा चहा, दुपारी गरम जेवण, "टॉवेल कुठं आहे" आणि "टीव्हीचा रिमोट कुठं आहे". एक माणूस निवृत्त झाला आणि दुसऱ्याची ड्युटी वाढली! शेवटी एका सकाळी काकू म्हणाल्या, "तुम्हाला कंपनीनं सोडलं. मला कोण सोडणार? मला निदान आठवड्याची सुट्टी तरी द्या." काका युनियनचे माणूस. मागणी रास्त आहे हे त्यांना लगेच कळले. वाटाघाटी झाल्या. रविवार ठरला.

म्हणजे आम्ही विहारातल्या टेबलासाठी काकांचा रविवार मागत होतो असे आम्हाला वाटत होते. प्रत्यक्षात आम्ही काकूंची साप्ताहिक सुट्टी मागत होतो, आणि तीही त्यांना न विचारता. समाजकार्याच्या नावाने आपण हे किती घरांत केले असेल! कार्यकर्ता सभेला जातो तेव्हा घरचे काम थांबत नाही, ते कोणीतरी करत असते. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटे निघाला आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७. यात निवृत्तीचे वय कोठेच नाही. आमच्या घरी ही गोष्ट सांगितली तेव्हा आमच्या पत्नीने एवढेच विचारले, "आपल्याकडे कोणता वार ठरवायचा?" त्या प्रश्नाची सुनावणी अद्याप चालू आहे.

या सुखाखालची जमीन मात्र फार पातळ आहे. काकांची पेन्शन किती असेल? पस्तीस वर्षांची नोकरी, शेवटचा पगार चांगला. तरीही पेन्शन साडेतीन हजारांच्या आतबाहेर. कारण हिशेब पूर्ण पगारावर झालाच नाही. पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे भागिले सत्तर, हे ते सूत्र. त्यातला पगार २०१४ च्या ऑगस्टपर्यंत साडेसहा हजारांवर आणि नंतर पंधरा हजारांवर अडवलेला. १९९५ पूर्वीच्या सेवेला तर नाममात्र रक्कम. जास्त पगारावर पेन्शन मागणाऱ्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल लागला, पण पर्याय देण्याच्या अटींतच कित्येकजण गळाले. किमान पेन्शन तीन हजार करा असे संसदेच्या समितीने २०१३ साली सुचवले होते. २०१४ साली दिले एक हजार. त्यासाठी बुलढाण्यापासून दिल्लीच्या जंतरमंतरपर्यंत म्हाताऱ्या माणसांना उन्हात बसावे लागले. काका-काकूंचे भागते ते फंड आणि ग्रॅच्युइटीच्या व्याजावर आणि घर स्वतःचे आहे म्हणून. आणि काका आधी गेले तर काकूंना मिळणार त्या साडेतीन हजारांतील निम्मे. काकूंची स्वतःची चौदा वर्षे? त्यांची पेन्शन शून्य.

बुद्धाच्या काळचे एक वृद्ध जोडपे आहे, नकुलपिता आणि नकुलमाता. भग्ग देशातील सुंसुमारगिरीचे राहणारे. नकुलपिता आजारी पडला तेव्हा आपल्यामागे घराचे काय होईल या काळजीने तो खंगू लागला. नकुलमाता त्याला म्हणाली की ही चिंता मनात ठेवून जाऊ नका. मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी मुले सांभाळीन, घर चालवीन. तो बरा झाला आणि भगवंतांनी तिची प्रशंसा केली. विहारात ही कथा पत्नीच्या निष्ठेची म्हणून सांगतात. आम्हाला त्यात आता हे दिसते की तिच्या हातात कसब होते आणि त्या कसबाचा मोबदला तिला मिळेल याची तिला खात्री होती. काकूंच्या हातातही कसब होते. मोबदल्याची खात्री हजेरीपटावरच्या एकोणीस या आकड्याने काढून घेतली.

पिंपरीत सर्वांनाच असे सावकाश पायऱ्या उतरून निवृत्त होता आले नाही, हेही लिहिले पाहिजे. ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून १९५४ साली या औद्योगिक नगरीची सुरुवात झाली, तिथल्या कामगारांच्या थकीत पगारासाठी आणि स्वेच्छानिवृत्तीसाठी २०१९ साली केंद्रीय मंत्रिमंडळाला कर्ज मंजूर करावे लागले. आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यातील उत्पादन २००७ साली बंद झाले. पंचेचाळिसाव्या वर्षी हातात रक्कम घेऊन घरी बसलेल्या माणसाला निवृत्त म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

आणि चाकणच्या पोरांचे काय? सात महिने एका कंत्राटदाराकडे, मग ब्रेक, मग दुसरा कंत्राटदार. पेन्शनला किमान दहा वर्षांची सेवा लागते. ब्रेक मिळाला की पोरे फंडाबरोबर पेन्शनचेही पैसे काढून मोकळी होतात, आणि सेवा पुन्हा शून्यापासून मोजली जाते. आमचे सांगणे आहे, पैशाची फारच नड असली तर फंड काढा, पण पेन्शनच्या पैशाला हात लावू नका. फॉर्म १०-सी भरताना पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागा, म्हणजे मागची सेवा जिवंत राहते. यूएएन नंबर प्रत्येक नव्या ठिकाणी तोच द्या. आणि ज्यांनी घर मुलाच्या नावावर करायचे मनात आणले आहे त्या आई-वडिलांनीही थांबावे. बक्षीसपत्र करायचेच असेल तर आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर, असे त्यात स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम २३ त्याच अटीवर उभे आहे. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कायद्याचा अर्थ वृद्धांच्या बाजूने उदारपणे लावावा असे सांगितले, तरी कागदावरची एक ओळ दहा वर्षांच्या कोर्टापेक्षा बरी.

टेबल आता शनिवारी संध्याकाळी चार ते सहा लागते. पहिल्या शनिवारी काका आले, आणि न बोलावता काकूही आल्या. काका हयातीच्या दाखल्याचे पाहतात. लेथवर झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, तेव्हा चेहऱ्यावरून दाखला कसा काढायचा ते मोबाइलवर दाखवतात. काकूंनी एक वही घातली आहे. भोसरीच्या छोट्या कारखान्यांतून काम केलेल्या आणि कोणत्याच पटावर नाव नसलेल्या बायांची नावे, कामाची वर्षे, सोबत काम केलेल्या दोघींची साक्ष, अशी त्यात रकाने आहेत. आज त्या वहीत एकेचाळीस नावे आहेत. त्यांचे कायद्यात काय करता येते ते आम्ही पाहत आहोत. सहा वाजता काकू वही मिटतात आणि विचारतात, "उद्या टेबल नाही ना?"